‘मिठाचा गड’ची वाट लावल्याबद्दल

कासारवाडी
१२ जानेवारी २०२५

स्वरूपा,

नावाआधी ‘प्रिय’ लावायचं राहून गेलं असं समजू नकोस, मुद्दामच लावलेलं नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, कंपनीच्या बसच्या ग्रुपमधून न सांगता निघून गेलीस, म्हणून हा पोस्टाचा उद्योग. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. जुन्या मैत्रिणीचं पत्र आलं की पोरीला बरं वाटेल, म्हणाल्या. मी त्यांच्या हातचा चहा प्यायले आणि गप्प बसले.

काल ‘मिठाचा गड’ बघितला. पडद्यावर ‘पटकथा आणि संवाद’च्या खाली तुझं नाव आलं तेव्हा मी शिट्टी मारली, हे आधीच सांगते. म्हणजे दिपाली जळते म्हणायला तुला जागा नको. त्यानंतर अडीच तास मी कपाळाला हात लावून बसले होते.

अगं, तो गड आहे की बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमधलं बाथरूम? मिठाचा गड म्हणजे कसा, खरखरीत, कडेकडेने पाझरणारा, हात लावला की तळव्याला चिकटणारा. तुमचा गड चकाचक. त्यावर ती राणी पांढरी साडी नेसून घसरत घसरत नाचते. गडावर रडायला बंदी, डोळ्यांतलं पाणी पडलं की भिंत विरघळते, हा सगळ्या गोष्टीचा पाया. आणि ही बया दुसऱ्याच गाण्यात भिंतीला टेकून ढसाढसा रडते, भिंत मख्खासारखी उभी. वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं का? तळ्यातला जलासुर म्हणून जे काही सोडलंय ते बघून मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, ही म्हैस आजारी आहे का. अख्खी रांग हसली. मी नाही हसले, मला राग येत होता.

बरं, गाणी घालतात, म्हशी घालतात, त्यांचा तो धंदा आहे. पण पुस्तकात जे होतं ते का काढलंस? टकल्या कारभारी कुठे गेला? पाळी बदलली की तो वाजवायचा ती घंटा कुठे गेली? मीठ वाहणाऱ्या बायकांच्या तीन पाळ्या, आणि त्यांनी चिडून कारभाऱ्याच्याच ताटात मीठ घालायचं बंद केलं ती गंमत? मिठाच्या गडावर बसून अळणी जेवतो मेला, यावर आपली बस आठवडाभर हसत होती. तुझ्या सिनेमात डोक्यावर मीठ घेतलेली एक बाई नाही. गड काय आपोआप उभा राहिला?

आणि पिलू. पिलूला तू मारलंस.

दिवा धरणारी एवढीशी पोर, तळ्याचं पाणी आत घुसायला लागतं तेव्हा एकटी खाली जाते आणि पाणदरवाजा पलीकडच्या बाजूने लावून घेते. इथपर्यंत बरोबर. पुढे काय, तर पाणी चढतं, दिवा विझतो, राणी मिनिटभर मान खाली घालते आणि लगेच तिचं लग्न. सिनेमा संपला, घरी जा. अगं, ती म्हातारी दारवानीण कुठे गेली? ती दाराशी बसून राहते, लोक तिला खुळी म्हणतात, ती उठत नाही, आणि एक दिवस दारावर पलीकडून टकटक होते. तेच तर पुस्तक आहे. बाकीचा सगळा पसारा त्याच्यासाठी आहे.

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तू ते आम्हाला वाचून दाखवलंस तेव्हा खंडूने बस बाजूला घेतली होती. एरवी वाचन बंद करा, गाणी लावतो म्हणून भांडणारा ड्रायव्हर, तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. आणि केसरबाई. त्यांची लेक सोनू भांडून घरातून गेली त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. बाई रजेवरून आल्या त्या नुसत्या येत-जात होत्या, डबा जसाच्या तसा घरी न्यायच्या. त्या दिवशी टकटक ऐकल्यावर त्यांनी बसमध्येच डबा उघडला. तू बघितलंस, मी बघितलं. आता तीन वर्षं झाली, सोनूचा एक फोन नाही. पण बाई जेवतात, पॅकिंगला सगळ्यांच्या आधी उभ्या असतात, आणि पोर येणार म्हणतात.

तर झालंय असं की केसरबाई एकतीस तारखेला रिटायर होतात, आणि बसमधल्या बायकांनी ठरवलंय की निरोप म्हणून त्यांना आपल्या स्वरूपाचा सिनेमा दाखवायचा. मी आधी जाऊन बघून आले हे नशीब. आता त्यांना मी काय सांगू ते तू सांग. पिलूला का मारलंस तेही सांग.

दिपाली

१९ जानेवारी

स्वरूपा,

कार्ड मिळालं. कागद छान जाड आहे. ‘पुस्तक वाच. मग बोल.’ एवढंच. सिनेमात इतके कमी शब्द वापरले असतेस तर उपकार झाले असते.

म्हणजे मी पुस्तक वाचलेलं नाही? सात महिने रोज सुट्टी झाली की चाकणच्या गेटपासून कासारवाडीपर्यंत ते माझ्या कानात कोण ओतत होतं? मी तुझ्या शेजारच्या सीटवर होते. आता तूच आठव, शेजारी असून तू मला कधी पान बघू दिलं नाहीस. खाकी कव्हर घालून छातीशी धरून वाचायचीस, पेपरात उत्तरं झाकणाऱ्या हुशार मुलीसारखी. मुंबईला जाऊन नाकाने कांदे सोलायला लागलीस, पण माझ्यापुढे नको. लाइनवर माझ्या शेजारी उभी राहून गाडीच्या वायरींना टेप गुंडाळत होतीस, आणि तीही वाकडी.

इकडे मी खोटं बोलून बोलून थकले. केसरबाईंना म्हटलं तिकिटं मिळत नाहीत. मग म्हटलं सिनेमा उतरला. त्यावर पॅकिंगच्या चिमाबाईंनी मोबाईल काढून सगळे शो दाखवले, माझ्या तोंडावर.

वर केसरबाईंच्या मुलाचं वेगळंच. प्रज्वल आता पुनावळ्याला राहतो, अकराव्या मजल्यावर. आईने नोकरी संपली की कासारवाडीची खोली सोडून आपल्याकडे यावं म्हणतो. मुलगा वाईट नाही, पण जे कुणी बोलत नाही ते तो बोलतो, सोनू आता यायची नाही असं. केसरबाई म्हणतात, तिला पुनावळं ठावं न्हाई, आली तर हितंच येणार, मी खोली सोडायची न्हाई. परवा तो मला स्टेशनच्या बाहेर भेटला. म्हणाला, ताई, आई सारखी म्हणते की पिलू आली तशी आपली सोनू येईल. ही पिलू कोण? तुमच्या कंपनीतली का?

मी काय सांगायचं गं त्याला? मी हो म्हटलं.

तर आता मी पुस्तक विकत घेणार आहे, आणि तू कुठे कुठे घाण केलीस ते पानापानावर खूण करून तुला पाठवणार आहे. चूल आवर म्हणून वहिनी ओरडतेय. भावाच्या घरात राहायचं म्हणजे पत्रसुद्धा हप्त्याहप्त्याने लिहावं लागतं.

दिपाली

२३ जानेवारी

स्वरूपा,

वाचलं.

पुस्तकावर आता सिनेमाचं पोस्टर आहे, ती पांढरी साडी आणि म्हैस. खुणा करायला पेन्सिल घेऊन बसले होते. पेन्सिलचं टोक तसंच आहे.

टकल्या कारभारी नाही. कुठेच नाही. मी दोनदा शोधला. मला तेव्हा वाटायचं, लेखक केवढा मोठा, चाकणला न येता त्याने आपला हिंदुराव सुपरवायझर हुबेहूब उतरवला, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. आता कळलं हिंदुरावला कुणी उतरवलं ते. घंटा नाही. पाळ्या नाहीत. मीठ वाहणाऱ्या बायका नाहीत, गड राणीच्या आजोबांनी मंत्र म्हणून बांधला. मंत्र म्हणून! आमच्या खांद्यांना सात महिने ते मीठ लागत होतं आणि या गृहस्थाने मंत्र म्हटला. अळणी जेवण नाही. पुस्तकभर कुणी जेवतच नाही, नुसते एकमेकांना ‘हे वीरा’ म्हणतात.

दारवानीणही नाही. एक दारवान आहे, पुरुष, त्याला दीड ओळ आहे. पिलू शेवटून दुसऱ्या प्रकरणात बुडते आणि तो माणूस पाणदरवाजा चुन्याने कायमचा बुजवून टाकतो. टकटक नाही. तुझ्या सिनेमाने निदान दरवाजा बुजवला नाही, तेवढी तू पुस्तकापेक्षा बरी.

किती भिकार पुस्तक आहे हे. इतकी वर्षं लोक याला डोक्यावर घेऊन का नाचतात मला कळत नाही. पेपरात एकाने लिहिलंय की सिनेमाने मूळ कादंबरीचा आत्मा जपला. जपला खरा, जसा होता तसाच, थंडगार.

म्हणजे तू बसमध्ये बनवत होतीस. पुस्तक उघडं धरून, त्याच्याकडे बघत, थापा मारत होतीस. आणि केसरबाई रजेवरून आल्यावर चार-पाच दिवस तू घसा बसला म्हणून वाचलं नाहीस, आठवतं? मी तुला लवंग दिली होती. घसा बिसा काही नव्हता. पिलू बुडणार होती आणि समोरच्या सीटवर केसरबाई होत्या.

ते कळलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून रडले, हेही लिहून टाकते. तीन वर्षं मी तुझ्या शेजारी बसल्याचं मिरवत होते आणि मला पत्ता नव्हता.

पण रडून झाल्यावर जास्तच राग आला. कारण आता तुला काही सबब उरत नाही. वाकडी टेप लावणारी ट्रेनी पोरगी असताना, कुणी न सांगता, पगार न घेता, तू ते पुस्तक उलटंपालटं करून चांगलं केलंस. आणि हातात अख्खा सिनेमा आला तेव्हा तुला प्रामाणिकपणा आठवला? कुणाशी गं? त्या मंत्रवाल्याशी? पुस्तकाशी तू इमान राखलं नाहीस म्हणून मी ओरडत होते. मी ते परत घेते. कशाला राखलंस? भीती वाटली, की त्या मोठ्या लोकांच्या टेबलावर टकल्या कारभाऱ्याचं नाव काढायची लाज वाटली?

पहिल्या पत्रात विचारलं होतं का बदललंस. आता विचारते, का नाही बदललंस.

दिपाली

२७ जानेवारी

स्वरूपा,

यावेळी कार्डसुद्धा नाही. ठीक आहे.

काल सुट्टी होती आणि चिमाबाईंनी सगळ्यांची तिकिटं काढून टाकली. मी केसरबाईंच्या शेजारची सीट धरली. मध्यंतरात म्हटलं माझं डोकं दुखतंय, मला घरी सोडा. त्यांनी पिशवीतून गोळी काढून दिली आणि पॉपकॉर्न खात बसल्या. नवी साडी नेसल्या होत्या, तुझं नाव आलं तेव्हा टाळ्या वाजवल्या.

पिलू खाली उतरायला लागली तेव्हा आमच्या रांगेतली एकही बाई पडद्याकडे बघत नव्हती. सगळ्या केसरबाईंकडे. चिमाबाईंचा चेहरा उतरला, त्यांना माहीतच नव्हतं. पाणी चढलं, दिवा विझला, लग्न झालं, नावं आली. बाई हालल्या नाहीत. मला वाटलं आता इथेच काहीतरी होणार, आणि मी तुला मनात इतक्या शिव्या दिल्या की तुला उचकी लागली असेल.

दिवे लागले. त्यांनी सीटखाली पायाने चप्पल शोधली. मग म्हणाल्या, “ह्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंच न्हाई वाटतं.”

बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “स्वरूपाला लई वाईट वाटलं आसंल. तिनं समदं लिहून दिलं आसंल आन् ह्या लोकांनी कापलं. तू तिला काई बोलू नगंस.”

ऐकलंस? तुझी बाजू घेतली त्यांनी. मी तुला तीन पत्रांत जे ऐकवलं त्यातलं काही तुला लागलं नसेल, पण हे तरी लागू दे.

आणि माझा गाढवपणा असा की पुस्तक माझ्या पर्समध्ये होतं आणि रुमाल काढताना ते त्यांनी बघितलं. हातात घेतलं, पोस्टरवर बोट फिरवलं. एकतीसला शेवटची बस, त्यात तेवढा शेवट वाच म्हणाल्या, टकटकीच्या आधीपासून. सिनेमाने तोंडाची चव गेली, ती चांगली करून जायचंय. नंतर प्रज्वलला काय ते सांगते, म्हणाल्या.

म्हणजे खोली, सोनू, सगळं त्यांनी त्या शेवटावर ठेवलंय आणि तो शेवट या पुस्तकात नाही. मला तो सांगता येणार नाही. मला टोमणे मारता येतात, भांडता येतं, हिंदुरावची नक्कल करता येते. गोष्ट नाही येत. ती फक्त तुला येते, कितीही राग आला तरी हे खरं आहे. आणि खरं सांगायचं तर त्या पोरीची वाट बघणं बाईंना जगवतंय की खातंय हेसुद्धा मला कळत नाही. मला एवढंच कळतं की चुन्याने बुजवलेलं दार मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

ये. साडेतीनला गेटवर बस उभी असते, खंडूच चालवतो अजून. सिनेमाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.

दिपाली

कासारवाडी
४ फेब्रुवारी

स्वरूपा,

आली नाहीस.

कंपनीने केसरबाईंना शाल आणि नारळ दिला. हिंदुरावने भाषण केलं, चष्मा कपाळावर. आम्ही बसमध्ये चढलो. मी शेवटपर्यंत गेटकडे बघत होते, खंडूने माझ्यासाठी पाच मिनिटं काढली, मग मागच्या बस हॉर्न मारायला लागल्या.

एरवी नवी ट्रेनी पोरं मोबाईलवर काहीतरी लावतात. कुणी काही लावलं नाही. केसरबाई त्यांच्या जागेवर, ड्रायव्हरच्या मागे. मी तुझ्या जागेवर उभी राहिले, पुस्तक उघडलं, तू धरायचीस तसं छातीशी. आणि म्हटलं, एके दिवशी पाणदरवाजावर टकटक झाली.

“असं नाहीये ते,” मागून चिमाबाई म्हणाल्या. आधी वारा येतो, दिवा विझायला लागतो, ती पदर आडवा धरते. मी म्हटलं बरं, वारा आला, तिने पदर आडवा धरला, टकटक झाली. दुसरी कुणी म्हणाली, पहिल्यांदा तिला उंदीर वाटतो. तिसरी म्हणाली, उंदीर नाही, घूस. त्यावर जुंपली. टकटक तीनदा की दोनदा यावर तर नाशिक फाट्याला भांडायच्या तयारीत सगळ्या. तेव्हा खंडू पुढे बघूनच म्हणाला की दोनदा, मग थांबते, मग तिसरी. सगळ्यांनी मान्य केलं. तू गेल्यावर लागलेल्या पोरींनासुद्धा येत होतं, कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. मी एक शब्द इकडचा तिकडे केला की बस मला दुरुस्त करत होती, आणि पुस्तकात बघ असं एकीनेही म्हटलं नाही. मला वाटतं त्यातल्या निम्म्या जणींना आधीपासूनच ठाऊक होतं. मीच एक तुझ्या शेजारी बसून आंधळी.

दार उघडलं. पिलू उभी, ओलीचिंब. तिचं पहिलं वाक्य सगळ्या बसने एकदम म्हटलं. “भूक लागली.”

मग सगळ्या थांबल्या. कारण पुढचं दारवानीण बोलते. मला ते आठवत होतं, पण तोंडातून निघेना. आणि केसरबाईंनी मागे न बघता म्हटलं, “हात धू आधी.”

बस रडली, स्वरूपा. खंडूसकट. भिंत विरघळायची तर तिथे विरघळली असती. तू असतीस तर बहुतेक खाली मान घालून त्या छापलेल्या पुस्तकात बघत बसली असतीस. नाही आलीस ते बरंच झालं.

स्टेशनजवळ उतरल्यावर केसरबाई माझा दंड धरून चालल्या. मी प्रज्वलकडं जाते, म्हणाल्या, पोरगं एकटं पडतं, सूनबाईला दिवस गेलेत. मला हायसं वाटलं. म्हटलं संपलं एकदाचं, सोनूला सोडलं त्यांनी. मग म्हणाल्या, “खोली तू घे. ती तुला वळखती.”

मी विचारही केला नाही, हो म्हटलं. वहिनीला आनंद झाला, भावाने सामान टेम्पोत टाकून दिलं. एक खोली, मोरी, वर पत्रा. सोनूचे दोन ड्रेस हँगरला आहेत, ते तसेच ठेवायला सांगितलेत. बाई संध्याकाळी फोन करतात, पाणी आलं का विचारतात. त्यांना जे विचारायचं असतं ते विचारत नाहीत.

तुला माफ केलेलं नाही. सिनेमा भिकार आहे, पुस्तक त्याहून भिकार आहे, आणि त्या सगळ्यात जे एकच चांगलं होतं ते तुझं होतं, त्यालाच तू ओळख दाखवली नाहीस. मुंबईत त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. इकडे त्याला शेण खाणं म्हणतात.

आज सकाळी भाकरी थापत होते तेव्हा दार वाजलं. दोनदा, मग थांबलं, मग तिसऱ्यांदा. पिठाच्या हाताने धावले, तवा पडला. दूधवाला होता. बेल असताना दार कशाला वाजवतोस म्हणून त्याला असा फैलावर घेतला की शेजारणी बाहेर आल्या.

दिपाली